मामा पाण्यात शिरले की वाकतात

माझ्या सासऱ्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई आणि हे काय. म्हणा खुशाल. फिजिक्सच्या पुस्तकात एक धडा असतो, आरशांचा, भिंगांचा आणि पाण्यात वाकड्या दिसणाऱ्या काठीचा. सूर्याकडून निघून आपल्या अंगणात येऊन पडतं त्याला आपण घरात उजेड म्हणतो, आणि पुस्तकात त्यालाच तीन अक्षरी दुसरा शब्द असतो. तोच शब्द म्हणजे सासऱ्यांचं नाव. एवढ्यावर ओळखा आणि पुढं वाचा.

माझं माहेर विंझरचं. अकरावीत मला टायफॉईड झाला आणि भोरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तापात खोली लांबलचक व्हायची, छत खाली यायचं, सलाईनची बाटली कुठंतरी खूप वर ढगात टांगल्यासारखी दिसायची. त्या गोंधळात एक सिस्टर यायची. माझ्या मनगटावर बोटं ठेवून स्वतःच्या घड्याळाकडं बघत उभी राहायची. एक शब्द बोलायची नाही. तेवढा वेळ छत वर असायचं, खोली खोलीएवढी असायची. ती गेली की पुन्हा सगळं हलायला लागायचं. मला तसं कुणाच्यातरी उशाशी उभं राहता आलं पाहिजे, हे मी तापातच ठरवलं आणि ताप उतरल्यावरही ते उतरलं नाही.

पण बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात नेमका माझा साखरपुडा ठरला. मी भांडले, रुसले, काही उपयोग झाला नाही. प्रॅक्टिकल बुडालं, मन उडालं, आणि निकालात बायोलॉजी पास, फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही नापास. बी.एस्सी. नर्सिंगला तिन्ही लागतात. मी भोंगवलीला नांदायला आले ती असं अर्धवट सायन्स घेऊन.

सासर भलं निघालं, हे मान्य करायलाच पाहिजे. नवरा शिरवळच्या कंपनीत पाळ्यांवर जायचा, त्याला मी शिकले काय न शिकले काय, डबा वेळेवर मिळाला की झालं. निर्णय सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडं तशीच रीत आहे. मामा कमी बोलणारे. सुनेशी तर बेतानंच, तेही बहुतेक आत्यांच्या मार्फत. त्यांनी आत्यांना सांगितलं आणि आत्यांनी मला सांगितलं, की यंदा एकदा परीक्षेला बस. निघालं तर पुढं शिक, कुणी आडवं येणार नाही. नाही निघालं तर शेत आहे, घर आहे, पुन्हा विषय काढायचा नाही. मी हो म्हणाले. एकच वर्ष हातात होतं आणि त्यातलं फिजिक्स माझ्या डोक्यावरून जात होतं.

आठवड्यातून दोन दिवस मी भोरच्या कॉलेजात जायचे. तिथल्या सरांनी मागच्या बाकावर बसू दिलं होतं. पहाटे भाकऱ्या, डबे, गोठा, आणि मग एसटी. हिवाळ्यात कापूरहोळ सोडलं की गाडीतले सगळे पेंगायचे, मीसुद्धा. पुस्तक मांडीवर उघडं असायचं. भाटघरच्या पाण्यावर धुकं इतकं दाट असायचं, की पलीकडचे डोंगर नसायचेच, मग हळूहळू एकेक व्हायला लागायचे. मी वाचत असायचे की झोपेत असायचे हे मला कधी कळलं नाही. अर्धं वाक्य पुस्तकातलं आणि अर्धं स्वप्नातलं. हृदयाच्या झडपा उघडायच्या, मिटायच्या, आणि कंडक्टर तिकीट मागायचा. गंमत म्हणजे त्या गुंगीत पाठ झालेलं आजही विसरलेले नाही.

बायोलॉजी माझी लाडकी होती, तिची काळजी नव्हती. केमिस्ट्रीशीही हळूहळू जमलं. प्रयोगशाळेत ज्योतीत मीठ धरलं की ज्योत पिवळीधमक व्हायची, तांब्याचं धरलं की हिरवी. घरी भाताची पेज उतू गेली की गॅसची ज्योत तशीच पिवळी व्हायची आणि मी सोडियम, सोडियम करत बघत बसायचे. पेज ओट्यावरून खाली वाहायची. आत्या म्हणायच्या, तुझं सोडियम पुसून घे आधी.

राहिलं फिजिक्स. सर पुस्तक इंग्रजी ठेवून मराठीत शिकवायचे, आणि माझी वही बघून एकदा म्हणाले, की तू नुसती घोकतेस. घरी कुणाला तरी मोठ्यानं समजावून सांग. ऐकणाऱ्याला कळलं तर तुला कळलं. घरी ऐकणारं कोण, तर आत्या. सातवी झालेल्या, ऐकायची हौस दांडगी. दुपारी त्या लसूण सोलायला, शेंगा फोडायला बसल्या की मी समोर बसून त्यांना बल, वेग, कंप सगळं सांगायचे. त्या हूं हूं करायच्या आणि मध्येच असा प्रश्न विचारायच्या की मलाच पुस्तक उघडावं लागायचं.

मग तो धडा आला. मी पहिलंच वाक्य म्हणाले आणि आत्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडं बघितलं. बाहेर ओट्यावर मामा सुतळी वळत बसले होते.

"अगं, ह्यांचं नाव घेतीस व्हय?" आत्या कुजबुजल्या.

मी म्हणाले, हे नाव नाही, हे शास्त्र आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, की शास्त्र असू दे नाहीतर आणखी काय, शब्द तोच ना? स्वतः आत्या लग्न झाल्यापासून तो शब्द कधी उच्चारत नव्हत्या. वाडीत त्याच नावाचा आणखी एक माणूस होता, त्याला त्या 'ह्यांच्या नावाचा' म्हणायच्या. एकदा निवडणुकीला त्या नावाचा उमेदवार उभा होता, तर मत कुणाला दिलं हे त्यांना सांगताच येईना. मला आधी हसू आलं आणि मग राग आला. माझ्या वर्षाचा प्रश्न आणि ह्यांना नावाचं पडलंय.

तरी मी उजेड म्हणून बघितलं. पण जीभ पुस्तकाला सरावलेली, दर वेळी ते पहिलं जोडाक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच चावावं लागायचं. लाईट म्हणावं तर लाईट म्हणजे आमच्याकडं वीज, ती येते आणि जाते. एकदा अशीच मी अडखळले आणि तोंडातून निघून गेलं, की मामा नेहमी सरळ रेषेत जातात. त्या घरात ते नाव ओठांवर आलं की त्याच्या जागी बाहेर पडणारा शब्द हाच होता. आत्यांनी तोंडाला पदर लावला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि म्हणाल्या की हे बरं आहे, असंच म्हण. मग काय, तसंच पडलं.

मामा आरशावर आदळले की परत फिरतात. ज्या कोनात येतात त्याच कोनात जातात. मामांचा वेग पोकळीत सगळ्यात जास्त असतो, काचेत शिरले की ते हळू होतात. इथं आत्यांचं मत पडलं, की काच कशाला लागते, हळूच आहेत ते, गोठ्यातनं घरात यायला सकाळ घालवतात. मामा हवेतून पाण्यात तिरके शिरले की वाकतात. वाकडी काठी वाकडी नसतेच मुळी, वाकलेले असतात मामा. आत्यांना हे फार आवडलं. विहिरीवर गेल्या की पाण्यात काठी घालून बघायच्या आणि येऊन मला सांगायच्या, वाकले गं.

आणि खरं सांगायचं तर तो धडा मला तेव्हाच कळला. तोवर नुसत्या रेघा आणि बाण होते. आता दुपारी डोळे मिटले की मामा दिसायचे. टोपी, पायजमा, खांद्यावर टॉवेल. सूर्यापासून निघालेले, आवाज न करता, मधल्या सगळ्या काळोखातून सरळ चालत येणारे. आमच्या ज्वारीवर उतरायचे, पानापानावरून घसरायचे, विहिरीत वाकायचे, आत्यांच्या पितळी तांब्यावरून परत फिरायचे आणि माझ्या डोळ्यात शिरायचे. अंगणात सगळीकडं मामाच मामा सांडलेले असायचे. ओट्यावरचे खरे मामा मधूनच घसा खाकरायचे. ऐकत होते की नाही, देव जाणे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळची एसटी आलीच नाही. नवरा पाळीवर. मी फाट्यावर उभी, रडकुंडीला आलेली. मामांनी मोटरसायकल काढली. सुनेला मागं बसवून गावातून जायची त्यांना सवय नव्हती, मान ताठ करून, इकडंतिकडं न बघता त्यांनी गाडी हाणली. मी मधे पिशवी ठेवून बसले. धुकं इतकं होतं की पुढचा रस्ता गाडीच्या चाकाखालीच तयार होत होता. मी मनात सगळं पुन्हा म्हणत होते आणि मामांची पाठ समोर होती. कॉलेजात पोचल्यावर ते आवारातल्या चिंचेखाली बसले. म्हणाले, जा, मी हाय हितं.

प्रयोग माझा बरा झाला नाही. वाचनं नीट आली, पुढची आकडेमोड कुठंतरी चुकली, आणि वेळ संपल्यावर ते लक्षात आलं. आता सगळी मदार तोंडीवर. परीक्षक बाहेरगावच्या कॉलेजातले, वयस्कर, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी विचारलं ते मी इंग्रजीत धडाधड सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, पाठ चांगलं आहे. आता समजलेलं सांग, मराठीत. पाण्यात काठी वाकडी का दिसते?

हे तर मला झोपेत विचारलं असतं तरी आलं असतं. तोच घोटाळा झाला. खिडकीतून चिंचेखालचे मामा दिसत होते.

"पाण्यातून हवेत येताना मामा वाकतात, सर."

"कोण वाकतात?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी फिसकन हसली. मी सावरायला गेले आणि म्हणाले, की मामांचा वेग दोन्हीकडं वेगळा असतो ना. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. शेवटी मी खालमानेनं सगळं सांगितलं. सासरे, नाव, आत्या, सगळं. मला वाटलं ते हसतील, हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, बारावीनंतर काय करायचंय. मी नर्सिंग म्हणाले.

"उद्या एखाद्या औषधाचं नाव तोंडातून निघालं नाही, तर वॉर्डात काय करशील? दुसरंच देशील?"

ते म्हणाले, दुपारची तुकडी झाली की शेवटी ये. हेच उत्तर द्यायचं, बरोबर शब्द वापरून. आकडेमोड तुझी चुकलीच आहे, तोंडीही गेली तर मी काही करू शकणार नाही. ते रागावले नव्हते, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

बाहेर आले तर मामा उठून उभे राहिले. माझा चेहरा बघून चल, भाकरी खाऊ म्हणाले. नीरेच्या घाटावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. धुकं विरलं होतं. पाण्यावर ऊन हलत होतं, पलीकडच्या काठाला बायका कपडे धूत होत्या, आणि त्यांच्या हाताचा धपका आधी दिसायचा, आवाज मागून यायचा. मी भाकरी नुसती मोडत होते. अखेर त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, एक शब्द आला नाही.

"कुठला?"

मी पाण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "धड्यातला. तुमचा."

त्यांना कळलं. दुपारी ओट्यावर बसून ते सगळं ऐकत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं. ते म्हणाले, मग घे की, त्यात काय. मी म्हणाले, मामा, जमत नाही. प्रयत्न केला, तर खरंच ओठ पुढं होईनात. माझा मलाच इतका संताप आला. ह्यांच्या आईबापांना दुसरं कुठलं नाव सुचलं नव्हतं का, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. एका नावापायी माझं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की सगळंच गेलं.

मामांनी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. मग बोलायला लागले. माझ्याशी इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

"आई बांदावरनं हाक मारायची. नाव तोडून न्हाई, पुरं घ्यायची. ती गेली. मग थोरला भाव घ्यायचा, त्योबी गेला. तुज्या आत्यानं लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आता बँकेत पुकारत्यात, पन आडनाव आदी लावून. ती काय हाक न्हवं."

ह्या माणसाला गावात सगळे दादा, आप्पा, मामा म्हणत होते. नाव होतं आणि वापरायला कुणी उरलं नव्हतं. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

ते उठले, चार पायऱ्या खाली उतरले आणि माझ्याकडं पाठ करून पाण्याजवळ बसले. म्हणाले, मी हितं न्हाई असं समज आणि म्हण.

मी डोळे मिटले. धड्याचं वाक्य सुरू केलं, हळू, अगदी पुटपुटत. शब्दापाशी आले, थांबले, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा तो शब्द कसाबसा बाहेर पडला, इतका बारीक की मलाच ऐकू आला नाही. मामांनी तिकडूनच मान हलवली.

"धडा सांगतीस. हाक मार."

मी डोळे उघडले. पाण्यावरचं ऊन त्यांच्या टोपीवर, खांद्यावर हलत होतं. त्यांची पाठ मोठी दिसत नव्हती, विहिरीवर एकटं बसलेल्या पोराची असावी एवढीच दिसत होती. बांधावरून आई कशी हाक मारत असेल, ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी मारली. पुरं नाव, तिन्ही अक्षरं, शेवटचं लांबवून. पलीकडच्या बायकांनी वर बघितलं.

"ओ," मामा म्हणाले. "आलो."

आले मात्र नाहीत. तसेच बसून राहिले. मग टॉवेलनं तोंड पुसलं, पाण्यात हात बुडवून पुन्हा पुसलं. मला रडू फुटलं आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन. कुणी कुणाकडं बघितलं नाही. नंतर त्यांनी विचारलं, किती वाजता बोलावलंय, आणि आम्ही उरलेली भाकरी खाल्ली.

दुपारची तुकडी संपेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, टेबलांवर काचेची भांडी उपडी घातली होती. परीक्षक सरांनी खूण केली. मी उभी राहिले आणि सांगायला लागले. पाण्यातला वेग, हवेतला वेग, दिशा का बदलते, डोळा कसा फसतो आणि काठी का वाकडी दिसते. तो शब्द दर वाक्यात आला आणि दर वेळी मी तो पुरा उच्चारला. सरांनी मधेच दोन आडवे प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली.

सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि समोरच्या कागदावर गुण लिहिले. तोंडीचे पुरे गुण होते, मला उलटीकडून दिसले. मी टेबलाचा कोपरा धरला. मी निघणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, की मग सकाळी का नाही आलं?

"सकाळी ते बाहेर बसले होते, सर."

"आणि आता?"

"आताही बाहेरच बसलेत," मी म्हणाले. "पण त्यांनी ओ दिली."